पांढरी रेघ

रोपवाल्या बाईंची पिकअप गॅरेजच्या दारात वळली तेव्हा थोरला चहाचा पहिला घोट घेत होता. वळता वळता गाडीच्या पोटातून आवाज आला, टडक, आणि त्याने कप खाली ठेवला.

गॅरेज दोघा भावांचं. त्यामुळे गिऱ्हाइकं त्यांना थोरला नि धाकटा म्हणत आणि त्यावरच भागत असे. त्यातल्या थोरल्याच्या कानाची म्हणे सगळीकडे ख्याती होती. बॉनेट न उघडता, नुसतं ऐकून हा माणूस दुखणं सांगतो. त्याचा हिशोबही साधा होता. गाडी खडखड करते की खटखट, टुकटुक करते की कटकट, यावर सगळं अवलंबून. खडखड म्हणजे पत्रा, तिकडे लक्ष द्यायचं नाही. खटखट म्हणजे बुश. चाक वळवताना एकदाच टक झालं तर टायरॉड, म्हणजे पुढची चाकं वळवणारी दांडी. लोक यायचे, तोंडाने आवाज काढून दाखवायचे, आणि एवढे मोठे बाप्ये गॅरेजच्या दारात उभे राहून कुटुकुटु, कुटुकुटु करायला लागले की रस्त्याने जाणारे वळून बघायचे. थोरला मात्र डोळे मिटून, मान तिरकी करून ऐकायचा. त्याला हे सगळं फार आवडायचं. माणसाला आपलं कौतुक आवडतं, त्यात काही गुन्हा नाही. पण ह्याला जरा जास्तच आवडायचं, हे सांगितल्याशिवाय पुढची गोष्ट कळायची नाही.

बाई गाडीतून उतरल्या. मागच्या हौद्यात गुलाबाची रोपं खचाखच भरलेली होती.

"मिस्त्री, पुन्हा तेच सुरू झालंय," त्या म्हणाल्या. "टडक. वळताना तर होतंच, पण आता खड्ड्यातसुद्धा होतंय. आणि चाक हातात असताना असं वाटतं की कोणी तरी खालून टिचकी मारतंय."

"टक की टडक?"

"टडक. मी काय आज ओळखते का तुम्हाला? नीट ऐकूनच आलेय."

थोरल्याने डोळे मिटले, बाईंना चाक दोन्हीकडे फिरवायला लावलं आणि मान हलवली. "टायरॉड आहे. हे त्याचंच काम. तीन महिने झाले त्याला जाऊन, पण अजून त्याने करून ठेवलेलं मी निस्तरतोय."

"तुम्ही काढलंत त्याला ते बरंच केलंत," बाई म्हणाल्या. "मी सगळ्यांना सांगते. म्हटलं, सख्ख्या भावालासुद्धा पाठीशी घातलं नाही, असा माणूस."

थोरल्याला बरं वाटलं. रस्त्यापलीकडे टायरच्या दुकानापुढे धाकटा एका टेम्पोचं चाक उतरवत होता. त्याची पाठ इकडे होती. गेले तीन महिने पाठच इकडे असायची.

झालं होतं ते असं. तीन महिन्यांपूर्वी हीच पिकअप स्टीअरिंगच्या कामाला आली होती. स्टीअरिंग बॉक्समधून तेल गळत होतं. दोघा भावांनी मिळून बॉक्स उतरवला, सील बदललं, परत बसवला. आठवड्याने बाई आवाजाची तक्रार घेऊन परत आल्या. धाकटा गाडीखाली शिरला. थोरला बाहेर उभा राहून बाईंशी बोलत होता. खालून धाकटा म्हणाला, "बॉक्सचा एक नट ढिला आहे." थोरला टॉर्च घेऊन वाकला, आणि त्याला काय दिसलं? धाकटा हातातल्या फडक्याने तो नट घासून घासून पुसत होता.

आता इथे रेघेचं सांगायला हवं. या गॅरेजात एक नियम होता, आणि तो थोरल्यानेच घातलेला होता. नट पान्याने घट्ट आवळला की ब्रशने त्याच्यावरून रंगाची एक बारीक रेघ मारायची, अर्धी नटावर, अर्धी खालच्या लोखंडावर. पुढे कधी नट आपोआप सैल झाला तर तो फिरतो आणि रेघ तुटते. लांबून बघितलं तरी कळतं. रेघ सरळ, म्हणजे नट जिथे होता तिथेच आहे. जो आवळेल त्यानेच रेघ मारायची, आणि ज्याची रेघ त्याची जबाबदारी. थोरल्याचा रंग पांढरा, धाकट्याचा पिवळा. आधी पाना, मग रेघ. हे वाक्य थोरल्याने इतक्या वेळा ऐकवलं होतं की त्याची बायको घरात पोळ्यांच्या डब्याचं झाकण लावतानासुद्धा म्हणायची, आधी पाना मग रेघ, आणि दीर-भावजय दोघं हसत सुटायची.

त्या दिवशी मात्र कोणी हसलं नाही. नट ढिला आहे आणि धाकटा घाईघाईने रेघ पुसतो आहे, याचा अर्थ थोरल्याच्या लेखी एकच होता. पठ्ठ्याने नट आवळलाच नव्हता, नुसती रेघ ओढली होती, आणि आता पुरावा पुसत होता.

"बाहेर ये," तो म्हणाला.

धाकटा बाहेर आला. फडकं त्याच्या मुठीत होतं.

"आवळायचं नाही, रेघ मारून मोकळं व्हायचं, आणि अंगाशी आलं की पुसायची. हे कधीपासून चाललंय तुझं?" बाई समोर उभ्या होत्या. आणखी दोन गिऱ्हाइकं होती. थोरल्याने आवाज मुळीच खाली आणला नाही. "स्टीअरिंग आहे ते. माणसं मरतात. तुझ्या हाताला इमान नाही, तर माझ्या गॅरेजात तुझं काम नाही."

धाकटा त्याच्याकडे बघत राहिला. फडकं खिशात घातलं आणि निघून गेला. चार दिवसांनी समोरच्या टायरच्या दुकानात दिसायला लागला. राहायला दोघं एकाच घरात, थोरला खाली आणि धाकटा वरच्या खोलीत, पण जेवायला तो खाली येईनासा झाला. वहिनी त्याचा डबा भरून दुकानात नेऊन द्यायची. थोरल्याने एकदा तोंड वाकडं केलं तर म्हणाली, "तुमचा भाऊ असेल नसेल, माझा दीर आहे. तुमचं तुम्ही बघा." आणि थोरल्याने रागाच्या भरात पिवळ्या रंगाची बाटली कचऱ्यात टाकली होती.

तर आता, तीन महिन्यांनी, थोरल्याने पिकअप जॅकवर चढवली, खाली स्टँड लावले आणि गुडघा धरून कण्हत कण्हत गाडीखाली शिरला. त्याचा उजवा गुडघा दोन वर्षांपासून कामातून गेला होता. खाली शिरणं एक वेळ जमायचं, पण बाहेर येणं म्हणजे शिक्षा. धाकटा होता तेव्हा खालची कामं त्याचीच असायची.

"बाई, चाक डावीकडे. थोडंसंच. आता उजवीकडे. करत राहा."

टडक. टडक.

त्याने टायरॉडचा एक सांधा मुठीत धरला. घट्ट. दुसरा धरला. घट्ट. म्हणजे कानाने सांगितलं ते काही खरं नव्हतं. बॉक्सचे नट पाहिले. एकावर रेघ नव्हती, तो धाकट्याने पुसलेला आणि नंतर थोरल्याने रागारागात आवळून तसाच सोडलेला. बाकीच्यांवर होत्या, तेल-धुळीने काळ्या पडलेल्या पण सरळ, आणि नट दगडासारखे बसलेले. मग त्याने हात वर नेला. स्टीअरिंगच्या चाकाकडून येणारी दांडी बॉक्सला जिथे मिळते तिथे एक सांधा असतो, त्याला क्रॉस म्हणतात, आणि त्याला एकच बोल्ट. त्यावर रबराची टोपी होती. त्याने टोपी सरकवून सांध्यावर हात ठेवला.

"फिरवा."

टडक. तळहातावर ठोका बसला. आवाज इथलाच होता. त्याने नटाला बोट लावलं तर तो हलत्या दातासारखा डुगडुगला. हा बोल्ट निसटला असता तर बाईंच्या हातात नुसतं चाक राहिलं असतं आणि गाडी वाटेल तिकडे गेली असती. गुलाबाची रोपं घेऊन ही बाई तीन महिने नर्सरीच्या उतारावरून अशीच ये-जा करत होती.

"काय केलंय त्याने, बघा," असं तो म्हणणार होता. तोंड उघडलंही होतं. टॉर्च वर धरला आणि तोंड तसंच राहिलं.

नटावर रेघ होती. तिला एवढासाही तडा नव्हता. म्हणजे नट सैल झाला नव्हता. तो कधी आवळलाच नव्हता.

रेघ पांढरी होती.

"मिस्त्री, थांबू का फिरवायची?" वरून बाईंनी विचारलं.

"थांबा," तो म्हणाला.

तो तसाच पाठीवर पडून राहिला. डोळ्यांवर धूळ पडत होती, पण पुसावीशी वाटेना. त्याला सगळं आठवलं, आणि इतकं नीट आठवलं की आजवर आठवलं कसं नाही याचीच लाज वाटली. त्या दिवशी बॉक्स बसवताना तो स्वतः खाली होता. धाकटा नवं सील आणायला गेला होता, तो आल्यावर दोघांनी बॉक्स वर उचलून धरला आणि मग धाकटा दुसऱ्या गाडीकडे गेला. नट थोरल्याने हाताने लावले. पान्याने आवळायचे ते वरून, चाकाच्या कमानीतून लांब दांडा घालून, तेच सोयीचं पडतं. पण रेघ खालूनच मारावी लागते. आणि पुन्हा खाली यायचं म्हणजे पुन्हा हा गुडघा. म्हणून त्याने रेघा आधीच मारून टाकल्या. एक फेरा वाचला. कोण बघतंय?

मग तो बाहेर आला, आवळायला लागला, आणि तेवढ्यात दारात एक ड्रायव्हर चारपाच जणांना घेऊन उभा. "मिस्त्री, पैज लागलीय. नुसतं ऐकून सांगा." थोरल्याने दांडा खाली ठेवला. डोळे मिटले. मान तिरकी केली. दुखणं बरोब्बर सांगितलं. लोक वा वा म्हणाले, पाठीवर थापा पडल्या. परत आला तेव्हा किती नट आवळून झाले होते ते त्याच्या ध्यानात राहिलं नव्हतं. त्याने वाकून टॉर्च मारला. सगळ्या नटांवर रेघा होत्या. म्हणजे झालं काम. क्रॉसवर टोपी चढवली आणि गाडी दिली.

स्वतःच्या नियमावर त्याचा एवढा विश्वास होता.

आणि मग दुसरी गोष्ट त्याच्या लक्षात आली. ती पहिलीपेक्षा वाईट होती. बॉक्सचा तो ढिला नटसुद्धा त्या दिवशी त्यानेच लावला होता. धाकट्याने एकाही नटाला हात लावला नव्हता. म्हणजे धाकटा जी रेघ पुसत होता ती पिवळी नव्हतीच. बाई बाहेर उभ्या होत्या, गिऱ्हाइकं उभी होती, भाऊ टॉर्च घेऊन वाकणार होता, आणि धाकटा खाली पडल्या पडल्या थोरल्याची रेघ पुसत होता.

मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणतात ते काय असतं, ते थोरल्याला वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी गाडीखाली कळलं.

फडकं छातीवरच होतं. त्याने ते उचललं. खोटं कशाला सांगा, उचललं. एकदा हात फिरवला असता की संपलं होतं. पाना लावायचा, दोन वेढे द्यायचे, वर येऊन म्हणायचं की क्रॉस झिजला होता. बाईंनी विश्वास ठेवला असता. सगळ्यांनीच ठेवला असता. त्याने फडकं नटापर्यंत नेलंसुद्धा. मग त्याला तीन महिन्यांपूर्वीचा तो दुसरा हात दिसला, असाच याच गाडीखाली, आणि त्याने फडकं बाजूला फेकलं.

बाहेर यायला त्याला बराच वेळ लागला.

"सापडलं?" बाईंनी विचारलं.

"सापडलं. गाडीला हात लावू नका. आलो मी."

तो रस्ता ओलांडून गेला. वीस पावलांचा रस्ता, पण तीन महिन्यांत त्याने ओलांडला नव्हता. टायरवाल्याने त्याला येताना पाहिलं आणि हातातलं काम थांबवलं. धाकटा चाकावर वाकलेला होता.

"जरा येतोस?" थोरला म्हणाला.

"काम चालू आहे."

"पाच मिनिटं. बाईंची गाडी आहे. तूच बघ, म्हणून आलो."

धाकट्याने मान वर केली. थोरल्याच्या तोंडाकडे बघून तो उठला. का उठला कोण जाणे. दुसरा कोणी असता तर उठला नसता.

गॅरेजात आल्यावर त्याने बाईंकडे बघितलं नाही. बाईंनीच तोंड फिरवलं होतं. तो खाली शिरला, नेहमीसारखा सरसर. टॉर्च हलला. मग हलायचा थांबला. आणि फडकं ओढल्याचा आवाज आला.

"पुसू नकोस," थोरला म्हणाला.

तो गुडघ्याची पर्वा न करता जमिनीवर बसला, आडवा झाला आणि सरपटत भावाशेजारी गेला. दोघं पाठीवर पडलेले, मध्ये टॉर्च, आणि बाहेर बाईंच्या चपला दिसत होत्या.

"ती पण माझीच होती," थोरला हळू आवाजात म्हणाला. "तू पुसलीस ती."

धाकटा वर बघत राहिला. "हो."

"मग तोंड उघडायचं ना तेव्हाच. एक शब्द बोलला असतास तरी पुरे होतं."

"काय बोलायचं? मला वाटलं तुला ठाऊक आहे."

"काय ठाऊक आहे?"

"की रेघ पांढरी आहे. तू टॉर्च मारलास, बघितलंस, आणि माझ्यावर ढकललंस. चार लोकांत दादाची पत जायला नको, म्हणून असेल. मी म्हटलं, असू दे. त्याचा तेवढा मान आहे, राहू दे. तीन महिने मला हेच वाटत होतं."

"मी नाही बघितली. शपथ. मला वाटलं पिवळी आहे."

धाकट्याने मान वळवून पहिल्यांदाच त्याच्याकडे बघितलं. "पिवळी? म्हणजे तुला खरंच वाटलं मी न आवळता रेघ मारतो?"

थोरल्याला क्षणभर वाटून गेलं की खोटं बोललो असतो, मला ठाऊक होतं म्हणालो असतो, तर बरं झालं असतं. भित्रा भाऊ निदान भाऊ तरी असतो. पण वीस वर्षं एका पान्यावर काम करून ज्याला आपला भाऊ कळला नाही, तो कोण असतो? त्याला धाकट्याकडे बघवेना. त्याने वर, त्या नटाकडे बघितलं.

"हो," तो म्हणाला. "वाटलं."

तो परत सरपटत बाहेर गेला, बंपर धरून उभा राहिला आणि हात तसेच काळे ठेवून बाईंसमोर जाऊन थांबला.

"बाई, हे काम माझं होतं. नट मी आवळला नाही. मागचाही मीच. त्याने कशालाच हात लावला नव्हता. माझं नाव जाऊ नये म्हणून तो पुसत होता आणि मी त्यालाच चोर ठरवला."

बाईंना समजायला थोडा वेळ लागला. मग त्यांनी गाडीच्या चाकाकडे बघितलं. "रोज माझी आई शेजारी बसलेली असते, मिस्त्री," त्या म्हणाल्या. "रोज. त्या उतारावरून."

"हो."

"आणि मी सगळीकडे सांगत फिरले त्याच्याबद्दल. नर्सरीत येणाऱ्या प्रत्येकाला. आता कुठल्या तोंडाने सांगू?"

"माझ्या तोंडाने सांगा. म्हणावं, थोरल्याने स्वतः सांगितलं."

त्या गाडीच्या दाराला टेकून उभ्या राहिल्या आणि त्याच्याकडे बघायचं त्यांनी टाळलं. त्याने खरं म्हणजे शिव्या ऐकायची तयारी केली होती. शिव्या परवडल्या असत्या.

खालून धाकट्याने हात बाहेर काढला. "सतराचा पाना."

थोरल्याने पाना दिला. कुरकुर आवाज करत नट फिरला, एक वेढा, मग अर्धा, मग धाकट्याने दात ओठ खाऊन शेवटचा झटका दिला. नंतर त्याने बाकीचे सगळे नट एकेक करून तपासले. बाहेर येऊन म्हणाला, "चाक फिरवून बघ."

थोरला गाडीत बसला. डावीकडे फिरवलं, उजवीकडे फिरवलं. सवयीने त्याने डोळे मिटले होते. ध्यानात आलं तसे उघडले.

"गेला आवाज," तो म्हणाला.

"रेघ तुटलीय आता," धाकटा म्हणाला. "अर्धी नटावर गेली, अर्धी खाली राहिली. माझा पिवळा दे, नवी मारतो."

थोरला गाडीतच बसून राहिला. "पिवळा नाहीये. टाकून दिला मी."

धाकट्याने मान हलवली, जणू हेही त्याला अपेक्षितच होतं. फडक्याला हात पुसले आणि या वेळी फडकं खिशात न घालता कट्ट्यावर ठेवलं. बाईंना म्हणाला, "गाडी बिनधास्त चालवा. आठवड्याने एकदा दाखवून जा." मग रस्त्याकडे निघाला.

"कुठे चाललास?" थोरल्याने विचारलं.

"टायर अर्धवट सोडून आलोय. माणूस खोळंबलाय."

"आणि नंतर?"

धाकटा थांबला, पण वळला नाही. "वहिनीला सांग, डबा पाठवू नको. खाली येईन जेवायला. गॅरेजचं मात्र विचारू नकोस, दादा. ते माझ्याने होईल असं वाटत नाही."

"बरं," थोरला म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

दुपारी वहिनीने काही न विचारता तीन ताटं वाढली. धाकटा आला, हात धुतले, आपल्या जुन्या जागी बसला. डब्याचं झाकण लावताना ती सवयीने म्हणून गेली, आधी पाना मग रेघ, आणि आपण काय बोललो ते कळून गप्प झाली. कोणी हसलं नाही. धाकट्याने मीठ मागितलं. मीठ थोरल्याजवळ होतं. त्याने ते वर न बघता पुढे सरकवलं.